चिचुंद्रीचा अक्रोड गेला केकात

एक होती भट्टी, केक-नानकटाईची.
भट्टीत होती काकी. काकीचं नाव सुगंधा.
आणि भट्टीमागच्या बिळात राहायची एक चिचुंद्री.

चिचुंद्री एवढीशी. नाक लांब. डोळे बारीक. आणि अंगाला वास.
कसला वास?
चिचुंद्रीचा वास. दुसरं काय सांगणार.

चिचुंद्रीला चार पिल्लं. गोंडू, भोंडू, ठेंगू आणि पिटकी.
पिटकी सगळ्यांत लहान. शेंडेफळ.

चिचुंद्रीची पिल्लं चालतात कशी?
रांगेने. तोंडात पुढच्याची शेपटी धरायची. धरली की सोडायची नाही.

पुढे आई.
आईमागे गोंडू.
गोंडूमागे भोंडू.
भोंडूमागे ठेंगू.
ठेंगूमागे पिटकी.
तुरु तुरु तुरु तुरु.

भट्टीत एक नियम होता. काकीनेच केलेला.
ओट्यावरचं काकीचं. खाली सांडलं ते चिचुंद्रीचं.
नियम साधा. भांडण नाही, तंटा नाही.

एकदा काकी अक्रोड फोडत होती. कट. कट. कटक.
एक अख्खा गर उडाला.
टुण. टुण. टुणुक.
पडला खाली.
खाली सांडलं ते चिचुंद्रीचं. चिचुंद्रीने अक्रोड उचलला. मैद्याच्या पोत्यावर, उंच, नीट लपवून ठेवला.
कशाला ठेवला?
पिल्लांच्या उष्टावणाला.

उष्टावण म्हणजे पहिला घास. तोवर नुसतं आईचं दूध. मग एक दिवस दात येतात. मग येतो पहिला घास. घास भरवायला लागतो मामा.
चिचुंद्रीला भाऊ नव्हता. म्हणजे पिल्लांना मामा नव्हता. पण अक्रोड तर होता. मामाचं पुढे बघू, असं तिने ठरवलं.

उष्टावणाचा दिवस आला. पिल्लांना सकाळपासून भूक.
चिचुंद्री पोत्यावर चढली. अक्रोड ढकलला. जरा जोरातच ढकलला.
टुण. टुण. टुणुक.
पोत्याखाली काकी बसली होती. मांडीशी मोठं पातेलं. पातेल्यात ब्राउनीचं पीठ. काळंभोर, दाट, चॉकलेटचं.
टुणुक. टुणुक. डुबुक.
अक्रोड गेला पिठात.

काकीचा चष्मा होता कपाळावर. काकीला वाटलं, आपलाच अक्रोड.
तिने पीठ ढवळलं. डब डब डब.
तीन डब्यांत ओतलं. तिन्ही डबे भट्टीत सरकवले.
भट्टीचं दार लागलं. धप्प.

चिचुंद्री पोत्यावर बसून राहिली. तिला रडू आलं. चिचुंद्रीचं रडू बारीक असतं. चुंई. चुंई. कुणाला ऐकू जात नाही.
मग तिने नाक पुसलं. रडून का अक्रोड मिळतो?

तोवर केकाचे तीन थर भाजून निघाले. जाळीवर गार झाले.
चिचुंद्री काकीकडे गेली. मागे पिल्लांची रांग.
तुरु तुरु तुरु तुरु.

"काकी, काकी, केक काप.
अक्रोड मिळेना, उष्टावण होईना."

काकीने नाकाला पदर लावला. म्हणाली, "वास केवढा येतोय."
चिचुंद्री म्हणाली, "वास माझाच. पण अक्रोडही माझाच."

काकीने चष्मा खाली ओढला. विचार केला. नियम म्हणजे नियम. अक्रोड चिचुंद्रीचाच.
पण तो होता तीन थरांत कुठेतरी. कुठल्या थरात, कोण जाणे. आणि लेप लावल्याशिवाय काकी केक कापायची नाही. तिची पद्धतच तशी. आधी थर, मग लेप. थर, लेप. थर, लेप. मग सुरी.

लेप कसला? कच्च्या नानकटाईचा.
मैदा आधी कढईत खमंग भाजायचा. कच्चा मैदा खाल्ला तर पोट दुखतं. मग त्यात लोणी. मग गूळ. मग चिमूटभर मीठ. मग चॉकलेटचे बारीक तुकडे.
काकीने सगळं केलं होतं. पण लेप झाला घट्ट. चमच्याला चिकटला तो चिकटलाच. थरावर काही पसरेना.

"घोटभर दूध हवं," काकी म्हणाली. "आज म्हशीने लाथ मारली. चरवी लवंडली. दूध सगळं मातीत. लेप पसरला की केक कापते. तुझा अक्रोड तुला देते."

मातीत सांडलेलं दूध कुणाचं? नियमाने चिचुंद्रीचं. पण ते मातीने पिऊन टाकलं होतं.

पिटकीने तोंड उघडलं. "मंमं?"
शेपटी सुटली. पिटकी मागे राहिली.
आई म्हणाली, "मिळेल गं. शेपटी धर."
पिटकी धावली. शेपटी धरली.
तुरु तुरु तुरु तुरु.

गोठ्यात होती म्हैस. काळी, मोठी, भिंतीएवढी.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, दूध दे.
लेप पसरेना, काकी केक कापेना.
काकी केक कापेना, अक्रोड मिळेना.
अक्रोड मिळेना, उष्टावण होईना."

म्हैस फुरफुरली. फुर्र. म्हणाली, "वास केवढा येतोय."
चिचुंद्री म्हणाली, "वास माझाच. पण अक्रोडही माझाच."

म्हैस म्हणाली, "मी नाही दूध देत. पाठीवर माश्या. पोटावर माश्या. चावतात. माझं शेपूट पुरत नाही. बगळा माश्या टिपेल, तर मी दूध देईन."

पिटकीने तोंड उघडलं. "मंमं?"
शेपटी सुटली. पिटकी मागे राहिली.
आई म्हणाली, "मिळेल गं. शेपटी धर."
पिटकी धावली. शेपटी धरली.
तुरु तुरु तुरु तुरु.

ओढ्याकाठी होती बाभूळ. बाभळीवर होतं घरटं. घरट्यावर होता बगळा. पंख पसरून, पाय रोवून, घट्ट बसलेला.

"बगळेदादा, बगळेदादा, माश्या टिप.
म्हैस दूध देईना, लेप पसरेना.
लेप पसरेना, काकी केक कापेना.
काकी केक कापेना, अक्रोड मिळेना.
अक्रोड मिळेना, उष्टावण होईना."

बगळ्याने चोच पंखात खुपसली. आतूनच म्हणाला, "वास केवढा येतोय."
चिचुंद्री म्हणाली, "वास माझाच. पण अक्रोडही माझाच."

बगळ्याने चोच बाहेर काढली. त्याला आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं. पण ते तो बोलला नाही.
तो म्हणाला, "मी नाही माश्या टिपत. बाभूळ हलते. घरट्यात माझी पिल्लं. मी उठलो तर पिल्लं पडतील. बाभूळ थांबेल, तर मी माश्या टिपेन."

पिल्लं पडतील म्हटल्यावर चिचुंद्रीला लगेच पटलं. तिलाही पिल्लं होती.

पिटकीने तोंड उघडलं. "मंमं?"
शेपटी सुटली. पिटकी मागे राहिली.
आई म्हणाली, "मिळेल गं. शेपटी धर."
पिटकी धावली. शेपटी धरली.
बाभूळ तिथेच होती. लांब जायला नको. तरी रांग बुंध्याला एक वळसा घालून समोर आली.
तुरु तुरु तुरु तुरु.

"बाभूळआजी, बाभूळआजी, थांब.
बगळा माश्या टिपेना, म्हैस दूध देईना.
म्हैस दूध देईना, लेप पसरेना.
लेप पसरेना, काकी केक कापेना.
काकी केक कापेना, अक्रोड मिळेना.
अक्रोड मिळेना, उष्टावण होईना."

बाभळीला नाक नाही. तिने नाक मुरडलं नाही. ती वासाचं काही बोललीच नाही. चिचुंद्रीला बरं वाटलं.
तरी सवयीने ती म्हणाली, "वास माझाच. पण अक्रोडही माझाच."

बाभूळ म्हणाली, "मी कशी थांबू? मी हलत नाही. मला हलवतात. ती बघ शेळी. फांदी ओढते. पाला ओरबाडते. शेळी सोडेल, तर मी थांबेन."

पिटकीने तोंड उघडलं. "मंमं?"
शेपटी सुटली. पिटकी मागे राहिली.
आई म्हणाली, "मिळेल गं. शेपटी धर."
पिटकी धावली. शेपटी धरली.
तुरु तुरु तुरु तुरु.

शेळी उभी होती मागच्या दोन पायांवर. तोंडात बाभळीची फांदी. ओढ. सोड. ओढ. सोड. खस्स. खस्स.

"शेळीताई, शेळीताई, फांदी सोड.
बाभूळ थांबेना, बगळा माश्या टिपेना.
बगळा माश्या टिपेना, म्हैस दूध देईना.
म्हैस दूध देईना, लेप पसरेना.
लेप पसरेना, काकी केक कापेना.
काकी केक कापेना, अक्रोड मिळेना.
अक्रोड मिळेना, उष्टावण होईना."

शेळीने नाक मुरडलं. म्हणाली, "वास केवढा येतोय."
आता हे कुणी म्हणावं? शेळीने! शेळीला काय अत्तराचा वास येतो? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून.
पण चिचुंद्री भांडली नाही. ती म्हणाली, "वास माझाच. पण अक्रोडही माझाच."

शेळी म्हणाली, "मी नाही फांदी सोडत. मला भूक लागली. माझा हिरवा चारा टोपलीत. टोपलीत झोपलंय मांजर. मांजर उठेल, तर मी फांदी सोडेन."

मांजर.

गोंडू थांबला. भोंडू थांबला. ठेंगू थांबला.
चिचुंद्रीही थांबली. मांजर म्हणजे मांजर. मांजराचा एक पंजा म्हणजे अख्खी चिचुंद्री.
घरी जावं का? जावं.
पण घरी काय आहे? घरी रिकामं बीळ.

पिटकीने तोंड उघडलं. "मंमं?"
शेपटी सुटली. पिटकी मागे राहिली.
आई म्हणाली, "मिळेल गं. शेपटी धर."
पिटकी धावली. शेपटी धरली.
हळू. अगदी हळू.
तुरु... तुरु... तुरु... तुरु.

गोठ्याच्या कोपऱ्यात टोपली. टोपलीत हिरवा चारा. चाऱ्यात पिवळं मांजर. घुर्र. घुर्र. घुर्र.

चिचुंद्री लांबूनच बोलली. आवाज बारीक झाला होता.

"मांजरबाई, मांजरबाई, ऊठ.
शेळी फांदी सोडेना, बाभूळ थांबेना.
बाभूळ थांबेना, बगळा माश्या टिपेना.
बगळा माश्या टिपेना, म्हैस दूध देईना.
म्हैस दूध देईना, लेप पसरेना.
लेप पसरेना, काकी केक कापेना.
काकी केक कापेना, अक्रोड मिळेना.
अक्रोड मिळेना, उष्टावण होईना."

मांजराने डोळे उघडले नाहीत. नुसता कान हलवला.
म्हणालं, "मी नाही उठत."
का नाही, ते सांगितलं नाही. कोण आलं तर उठेल, तेही सांगितलं नाही. मांजराला कुणाचंच काही नको होतं. चारा मऊ होता. ऊन मऊ होतं. झालं.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.
चिचुंद्री वळली. रांग वळली. गोंडू वळला. भोंडू वळला. ठेंगू वळला.

पिटकीने तोंड उघडलं. "मंमं?"
शेपटी सुटली. पिटकी मागे राहिली.
टोपलीपाशी. एकटी.

मांजराने एक डोळा उघडला.
मग दुसरा उघडला.
मग पंजा टोपलीबाहेर काढला.

चिचुंद्रीने मागे पाहिलं. ती इतकी घाबरली, इतकी घाबरली, की पळायचं विसरली. नाही. पळाली. पण उलटी पळाली. मांजराकडे.
तुरुतुरुतुरुतुरु.
पिटकीच्या पुढे जाऊन उभी राहिली. डोळे घट्ट मिटले.

आणि चिचुंद्री घाबरली की काय होतं?
वास सुटतो.
साधा नाही. सगळाच्या सगळा.
भस्स.

मांजराने नाक हुंगलं. मांजराचं नाक आकसलं. मिश्या वाकड्या झाल्या.
"आक्... आक्... आक्छी!"
मांजर उठलं. टोपलीतून उडी मारली. भिंतीवर चढलं. भिंतीवरून पत्र्यावर गेलं. पत्र्यावरून कुठे गेलं, कुणास ठाऊक.

चिचुंद्रीने एक डोळा उघडला. टोपली रिकामी. नुसता चारा.
चिचुंद्री म्हणाली, "वास माझाच."
आणि तिने पिटकीला जवळ घेऊन चाटलं. खूप वेळ चाटलं.

मग?

मग मांजर उठलं, शेळीने फांदी सोडली. चारा खाल्ला. करम करम करम.
शेळीने फांदी सोडली, बाभूळ थांबली. पान हलेना.
बाभूळ थांबली, बगळा उडाला. फडफड फडफड. म्हशीच्या पाठीवर बसला. माश्या टिपल्या. टिप टिप टिप.
बगळ्याने माश्या टिपल्या, म्हशीने दूध दिलं. काकीची चरवी वाजली. सुर्र सुर्र सुर्र.
म्हशीने दूध दिलं, लेप पसरला. काकीने दूध उकळलं, गार केलं, घोटभर घातलं, घोटलं. लेप मऊ झाला, लोण्यासारखा.

थर. लेप.
थर. लेप.
थर. लेप.
केवढा उंच केक. चिचुंद्रीने मान वर केली, केली, केली, आणि पाठीवर पडली.

लेप पसरला, काकीने केक कापला.
सुरी फिरली. वरचा थर पाहिला. अक्रोडाचे तुकडे होते. अख्खा अक्रोड नव्हता.
मधला थर पाहिला. नव्हता.
चिचुंद्री पुढे सरकली.
खालचा थर पाहिला.
होता. अख्खा. चॉकलेटने माखलेला. खमंग भाजलेला.

काकीने सुरीच्या टोकाने तो अलगद काढला. खाली वाकली. चिचुंद्रीसमोर ठेवला.
"घे. तुझा तुला."
नाकाला पदर लावायचा राहूनच गेला.

अक्रोड मिळाला. आता उष्टावण.
पण मामा?
चिचुंद्री अक्रोडाजवळ बसली. पिल्लं रांगेत बसली. मामाशिवाय पहिला घास कसा द्यायचा? मामाचं पुढे बघू, असं तिने ठरवलं होतं. ते पुढे आता आलं होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. उंच पाय. पांढरे पंख. बगळा.
बाभूळ शांत होती. त्याची पिल्लं झोपली होती. म्हणून तो आला होता.

बगळा म्हणाला, "तू मला दादा म्हणालीस."
चिचुंद्री म्हणाली, "म्हणाले."
"मग मी यांचा कोण?"

चिचुंद्रीने बारीक डोळे मिचकावले. आईचा दादा म्हणजे कोण? तुम्हाला माहीत आहे. तिलाही माहीत होतं.
मामा.

बगळ्याने या खेपेला चोच पंखात खुपसली नाही. त्याने अक्रोडाचा कण उचलला. लांब चोचीच्या टोकावर, एवढासा कण.
तो उभा होता रांगेच्या मागे. आणि रांगेच्या मागून पहिलं कोण?
पिटकी.

पिटकीने तोंड उघडलं.
शेपटी सुटली. सुटू दे.
मामाने घास भरवला.
पिटकीने चावला. गिळला. मग म्हणाली, "मंमं."

मग ठेंगूला घास. मग भोंडूला घास. मग गोंडूला घास.
उष्टावण झालं.

काकी ओट्यावर केकाचे तुकडे करत होती. सगळं बघत होती. एक मोठा तुकडा तिने उचलला. तीन थरांचा, लेपाने भरलेला. आणि हात जरासा वाकडा केला.
थप्प.
तुकडा पडला खाली.
काकी म्हणाली, "अगंबाई, सांडला."

खाली सांडलं ते कुणाचं?

चिचुंद्रीने तुकडा खाल्ला. गोंडूने, भोंडूने, ठेंगूने खाल्ला. बगळेमामाने चाखला. पिटकी तर लेपात नाकापर्यंत बुडाली.
मग सगळे घरी निघाले.

पुढे आई.
आईमागे गोंडू.
गोंडूमागे भोंडू.
भोंडूमागे ठेंगू.
ठेंगूमागे पिटकी.
पिटकीचं पोट भरलं होतं. तिने वाटेत एकदाही तोंड उघडलं नाही.
तुरु तुरु तुरु तुरु.

केक होता काकीचा, अक्रोड चिचुंद्रीचा.
गोष्ट होती माझी. आता ती खाली सांडली.
सांडली ती तुमची.